चकली का तुटते

२८ सप्टेंबर, रविवार
कुंदाच्या पेजचे काम हातात घेतले. एकेचाळीस व्हिडिओ, सगळे स्वयंपाकाचे. चकलीला सर्वांत जास्त व्ह्यूज, अकरा. ती असताना एकदा मी म्हणालो होतो, कोण बघतंय हे? नंतर तिने मला दाखवणे बंद केले.
नऊ नोव्हेंबरला तिचे वर्षश्राद्ध. तोपर्यंत चकलीला हजार व्ह्यूज. यात भावनेचा संबंध नाही. काम तांत्रिक आहे.

३० सप्टेंबर
पुण्याला आमच्या लेकीला फोन. मिताली म्हणाली, "बाबा, लोक सर्चमध्ये जे टाकतात तेच कीवर्ड लिहा. हॅशटॅगलाही तेच." सोपे आहे. एकतीस वर्षे ऑफिसात आवक-जावक सांभाळली. विषय नीट लिहिला की फाइल सापडतेच. टाकले: #भोर #वेल्हे #चकलीकरणेबाबत

४ ऑक्टोबर
तेरा. त्यातले दोन माझेच.
ऑफिसातला जुना शिपाई कोंडिबा मार्गासनीहून कामानिमित्त भोरला आला होता. म्हणाला, "भाऊसाहेब, ह्ये कोन शोधतंय? आमच्याकडं रविवारी गाड्याच गाड्या. समदी राजगड शोधत येत्यात."
मुद्दा बरोबर. #राजगड #ट्रेकिंग

७ ऑक्टोबर
एकशे चार! पद्धत कळली. आता हजार म्हणजे औपचारिकता.
कॉमेंट तीन. गडावर चकली मिळते का. पार्किंग कुठं. काकू, गड कधी येणार.

८ ऑक्टोबर
ते हॅशटॅग काढले. ती माणसे तिला बघायला आली नव्हती. दमलो.

१५ ऑक्टोबर
हंगाम आहे. #दिवाळीफराळ #हॅपीदिवाळी

१६ ऑक्टोबर, सकाळी ८
सापडलो. शेजारच्या सुलक्षणावहिनींना. दारातूनच म्हणाल्या, "भावजी, वर्ष व्हायचंय अजून. तुमच्या घरी कढई चढायला नको म्हणून आम्ही फराळ करून आणायचा, आणि तुम्ही तिच्याच पेजवर हॅपी दिवाळी?" मी म्हणालो, ते हॅशटॅग आहे, शुभेच्छा नाहीत. त्या म्हणाल्या, "लोकांना काय कळतंय?"
किकवीच्या आत्यांचाही फोन आला. काढले.
वहिनींनी डबा ठेवला. चकल्या, सगळ्या तुटलेल्या. "कुंदाच्या कधी तुटायच्या नाहीत," म्हणाल्या आणि तशाच बसून राहिल्या. चहा विचारायचा राहिला.

१६ ऑक्टोबर, दुपारी
खरा कीवर्ड मिळाला. चकली का तुटते.

१८ ऑक्टोबर
कॉमेंट! नांदेडची कोणी शेफाली. "ताई, माझ्या चकल्या तेलात सुटतायत. उद्या सासूबाई येणार. मोहन किती घालू?"
ताई नाहीत हे प्रथम कळवणे आवश्यक. लिहिले. पुसले. बिचारीची सासू उद्या येते आहे.
मोहन किती, मला ठाऊक नाही. व्हिडिओ आवाज लावून ऐकला. आजवर आवाज बंद ठेवूनच बघत होतो, हॅशटॅगला आवाज लागत नाही.
चौथ्या मिनिटाला ती म्हणते, "वाटीला दोन चमचे, कडकडीत. जास्त झालं की सुटते बरं का."
तेच कळवले. उत्तर आले, "थँक्यू ताई. किती छान समजावता."
खुलासा उद्या.

२५ ऑक्टोबर
खुलासा राहिला. शेफालीने कडबोळी विचारली, मग अनारसे, मग मसाल्याचे प्रमाण. व्हिडिओ ऐकावे लागतात. एकेक दोनदा, अचूकतेसाठी. व्ह्यूज बघायला वेळ नाही.

९ नोव्हेंबर
वर्षश्राद्ध झाले. एकशे नव्वद. हजार झाले नाहीत.
पंगत उठल्यावर मितालीने पेज उघडले. बराच वेळ वाचत होती. मग म्हणाली, "बाबा, आई हल्ली कोणाशी बोलतेय?" मी म्हणालो, खुलासा करायचाच आहे, कामाच्या गडबडीत राहिला. ती म्हणाली, "आज करा. मी बसते जवळ."
लिहायला घेतले. तेवढ्यात शेफालीचा मेसेज.
"ताई, आज काहीच बोलला नाहीत. बऱ्या आहात ना?"
सगळे एकेचाळीस पाहून झालेत. याचे उत्तर एकातही नाही.