दोघांच्या नावावरचा क्लेम

दारव्हा,
९ फेब्रुवारी २०२५

श्री. भारत यांस,
नमस्कार.

वर काय लिहावं ते कळेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. फोन केला असता, पण तुमचा आवाज ऐकला की मी भांडायला उठते, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा पत्र. पूर्ण वाचा.

मी ठीक आहे. अंगणवाडीचं काम चालू आहे. इथे दोन खोल्या स्वतःच्या झाल्या. दारात तूर वाळत घातली आहे आणि शेजारच्या बकऱ्यांशी माझं रोज युद्ध चालतं. सासूबाईंचा, तुमच्या याडीचा, अधूनमधून फोन येतो. त्या अजून सूनच समजून बोलतात.

त्यांच्याकडूनच कळलं, पांढरकवड्यात तुमचं नवं घर झालं, उन्हाळ्यात पाळणाही हलणार. चांगलं झालं. मनापासून लिहिते आहे, पण हे लिहायला मला वेळ लागला.

घराचा विमा काढलात, तेही त्यांनी सांगितलं. आणि हेही, की आधी कधी क्लेम घेतला होता का, असं विचारल्यावर तुम्ही 'नाही' म्हणालात. मला फार राग आला. एवढं सगळं जळून गेलं आणि हा माणूस सरळ नाही म्हणतो!

मग माझी पाळी आली. या दोन खोल्यांच्या विम्यासाठी एजंट भीमसिंग घरी आले, त्यांनी तोच प्रश्न विचारला, आणि माझ्याही तोंडून 'नाही' निघून गेलं. हो म्हटलं की कधी, कशाने, काय गेलं, सगळं सांगावं लागतं. विमा छताचा, भिंतींचा असतो. तेवढंच सांगून मला थांबता आलं नसतं.

तांड्यावरचं ते घर दोघांच्या नावावर, विमाही दोघांच्या. भीमसिंगांना ते ठाऊक होतं, त्यांनीच त्या क्लेमची आठवण करून दिली. मी म्हटलं, आता आम्ही वेगळे झालो, तर निम्मा क्लेम त्यांच्यावर धरा, निम्मा माझ्यावर. ते हळूच म्हणाले, "बाई, याच्यात निम्मं नसते. तुमच्यावरही पुरा लागते, त्यायच्यावरही पुरा. हप्ता दोघायचाही वाढते."

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. तुम्ही म्हणायचे, तिले कापसावर काहून झोपू देलं. मी म्हणायची, भाव वाढायची वाट पाहत घरात कापूस कायले भरला. पोरगी शाळेतून येऊन त्या ढिगावर झोपली, वरची वायर पेटली, आणि आपण तिचं जाणं एकमेकांवर ढकलत राहिलो. कोर्टानंतर भांडीसुद्धा वाटून घेतली. दुःख मात्र सगळं माझ्याच वाट्याला आलं असं मी धरून चालले होते. तुमचं 'नाही' मला आत्ता कळलं.

पण ते बदलून घ्या. लपवलं आणि उद्या काही झालं, तर पैसे नाकारतात म्हणे. त्या घरात आता लेकरू येणार आहे. आणि कापूस घरात ठेवू नका. हे भांडण नाही, विनंती आहे.

मी भीमसिंगांना परत बोलावून 'हो' सांगितलं, सगळं सांगितलं. हप्ता थोडा जास्त बसला, काही वर्षं बसेल. बसू द्या. तिची आता शाळेची फी नाही, बसचा पास नाही. तिच्यापायी भरायचं एवढंच उरलं आहे. तुम्हीही भरा.

अर्पिताची याडी,
बबिता