देवघरातला व्हिडिओ गेम

चिरंजीव अनुप,

आंधळगावहून आईचे आशीर्वाद.

"दहावी झाली की देईन," म्हणून तुझा व्हिडिओ गेम मी देवघरात ठेवला. दसऱ्याला त्यावर हळदकुंकू वाहिलं, मग देवाची वस्तू परत देववेना. तू रुसलास तो रुसलासच. पुण्याहून सणालाही येत नाहीस, तुझ्या लेकीलाही आणत नाहीस.

आज नारळ फोडून देवाची माफी मागितली आणि गेम टीव्हीला जोडला. तू फक्त गाड्यांची शर्यत खेळायचास. त्याच कॅसेटमधलं बिचारं कासव कोणी खेळवलंच नाही. मी त्याला तळ्यापार नेलं!

तुझे बाबा ओरडले, "बंद कर, वीज कायले जाळतेस?"

म्हटलं, "राहू द्या. कासवाचे दोन जीव उरले. एक अनुपचा, एक नातीचा."

हे पत्र पोथीत ठेवते. माफी फोनवरच मागते, आत्ता. टीव्ही चालूच आहे.

तुझी वाट पाहणारी,
आई