निरोपाचा कागद

आजोबा, तुम्ही मला तुम्हाला नावाने हाक मारायला सांगितलं होतं, सगळं गाव मारायचं तशी. पण ऐंशीच्या माणसाला नावाने हाक मारायला माझी जीभ काही वळेना, म्हणून मी आजोबाच म्हणायला लागले. तुम्ही अर्थ विचारलात आणि दुसऱ्या दिवसापासून पोस्टात, बँकेत सांगत सुटलात, की ही माझी नागपूरची नात. नेब्रास्कातल्या त्या गावात नागपूर कुणाच्या बापाला माहीत नव्हतं. पण तुम्ही सांगितलं म्हणजे असणार, इतका तुमचा शब्द चालायचा.

मी तिथे आले ती नाइलाजाने. २००२ साल, कॅलिफोर्नियातली सनीव्हेलची नोकरी मंदीत गेलेली, व्हिसा टिकवायचा तर लगेच दुसरी हवी होती, ती तुमच्याजवळच्या छोट्या हॉस्पिटलात मिळाली. तुमच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला तेव्हा सहा महिने कसेबसे काढू म्हटलं होतं. दोन वर्षं राहिले. तुम्ही सहा वर्षांचे असताना आईचा हात धरून चेक मुलखातून आलेले, आणि चाळीस वर्षं तिथल्या चेक लोकांच्या हॉलचे अध्यक्ष. कुणाच्या कोठाराला आग लागली, बँडमध्ये ट्रम्पेट कोण वाजवणार, कुणाचं कुणाशी बिनसलं, सगळ्याचा निकाल तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लागायचा. तुम्ही तिथे बसून हाताच्या गिरणीत खसखस दळायचात, कोलाचे नावाच्या गोड पावांत भरायला. मी म्हटलं, आमच्या अनारशांनाही खसखस लागते. तर तुम्ही गिरणी माझ्यापुढे सरकवलीत. मग दळ म्हणालात.

तुमच्या लोकांनी चर्च केव्हाच सोडलं होतं. मेलेल्या माणसापाशी पाद्री यायचा नाही, हॉलचा माणूस यायचा, म्हणजे तुम्ही. काळा कोट घालून कबरीपाशी उभं राहायचं आणि चेक भाषेत निरोपाचं भाषण करायचं. निम्म्या गावाला तुम्ही असा निरोप दिलात. तुम्हाला एकच घोर होता, तुमच्यासाठी कोण बोलणार? चेक नीट येणारे एकेक करून त्याच दफनभूमीत गेले होते. नव्या पिढीला पोल्का नाच येत होता आणि पदार्थांची नावं.

घोळ खसखशीनेच केला. कोलाचेची कृती तुम्ही चेकमध्ये पुटपुटत होतात, मी ती ऐकू आली तशी देवनागरीत उतरवली, आणि दुसऱ्या दिवशी सहज वाचून दाखवली. तुम्ही पीठ कालवायचं थांबलात. पीठ लागलेल्या हाताने चष्मा वर केलात.

"पुन्हा वाच."

मी वाचलं.

"अर्थ कळतो तुला?"

"एका शब्दाचाही नाही."

"पण तू माझ्या आईसारखी बोलतेस," तुम्ही म्हणालात, आणि त्याच संध्याकाळी निरोपाचं भाषण सांगायला बसलात.

हिवाळाभर आपण ते घोकलं. मला आजही तो आवाज ऐकू येतो. मी भराभर वाचते आहे, तुम्ही टेबलावर थाप मारता. "घाई कसली? मेलेल्या माणसाला कुठे जायचंय?" मी हसते, तुम्ही हसत नाही. मग तुम्ही एकदाच अर्थ सांगता. शेजाऱ्या, तू लांबून आलास, ही माती नांगरलीस, आता ती तुला सांभाळील. आम्ही घरी जातो, तू थांब. पहिल्या ओळीत नावासाठी जागा सोडलेली आहे. "इथे माझं घालशील," तुम्ही म्हणता, जसं काही मीठ घालायला सांगताय. मी हो म्हणते. त्या वसंतात तुम्ही मला ती खसखशीची गिरणी दिलीत. मला वाटलं, बक्षीस. आता कळतं, तो विसार होता.

मग शिकागोजवळ शॉमबर्गला नोकरी लागली, लग्न झालं. दोन वर्षांनी तुमच्या पुतणीचा फोन आला. रडत नव्हती. "शनिवारी आहे," ती म्हणाली, "तू बोलणार हे त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय." मी तिकीट काढलं. नवरा आधी थट्टा करत होता, "अगं, तू काय त्यांची भटजी आहेस का?" पण शनिवारी सकाळी त्यानेच गाडी काढली. "चल, एअरपोर्टला मी ड्राइव्ह करतो."

कागद हातात होता, आजोबा. निघण्याआधी मी तो आरशासमोर वाचून पाहिला. आणि डोळ्यांपुढे ती दफनभूमी माणसांनी भरलेली दिसली, शंभर गोरे म्हातारे चेहरे, आणि मधे मी, न कळणाऱ्या भाषेत रडवेल्या आवाजात अडखळणारी. कुणी हसलं तर? कुणी म्हणालं, ही कोण आमच्या माणसाला निरोप देणारी? मला भीती वाटली. बाकी काही नाही, सरळ भीती. पुतणीला मी फोन करून सांगितलं, बर्फामुळे फ्लाइट कॅन्सल झाली. तिने शेजारच्या गावातला पाद्री बोलावला. इंग्रजीत चांगला बोलला म्हणे. तुमच्यासाठी, पाद्री.

गिरणी अजून आहे. दिवाळीत काढते. मुलगी विचारते, "आई, व्हाय डोन्ट यू जस्ट बाय अ न्यू वन?" कागद माझ्या डिग्रीच्या फाइलमध्ये आहे, हे पत्रही तिथेच जाईल, दुसरीकडे कुठे टाकणार? आज तो कागद सावकाश वाचला, घाई न करता. नावाची जागा अजून कोरी आहे. पेन घेऊन बसले, पण आधी हे सांगायला हवं होतं. त्या दिवशी शिकागोत लख्ख ऊन होतं. विमान वेळेवर गेलं. मी गेले नाही.