जिन्याखालची खोली

प्रिय मंजुळा,

फोनवर तू चटकन विषय बदलतेस, म्हणून लिहायला बसले. आपल्या जुन्या कचेरीचं काम एकदाचं संपलं. तुमच्या शेंद्रा एमआयडीसीतल्या एका कंपनीनं आपलं ऑफिस इथं हलवायचं ठरवलं आणि इमारत आता आपल्या कर्मचारी पतसंस्थेची असल्यानं ती नीट करून द्यायचं काम संस्थेवर आलं. संचालकांत रिकामी मी एकटीच, त्यामुळं देखरेख माझ्याच गळ्यात पडली.

आता पाहशील तर ओळखणार नाहीस. कमानींवरचा ऑइलपेंट खरवडला, तर आतून निजामाच्या वेळचा काळा दगड निघाला. दारावरची उर्दू अक्षरं तशीच ठेवली. लोक अर्ज घेऊन जिथं उकिडवे बसायचे, तिथं आता सोफे आहेत, कॉफीचं मशीन आहे. लिफ्ट मागच्या अंगणातून नेली. बायकांसाठी प्रत्येक मजल्यावर संडास केलेत. तेव्हा त्यासाठी आपण दोघी गुलमंडीच्या बोळात भागूबाईंच्या घरी जायचो, आठवतं ना?

भांडण झालं ते जिन्याखालच्या मोठ्या खोलीवरून, जिथं जुनी दप्तरं कोंबलेली असायची. नकाशात तिथं टेबल टेनिस होतं. मी म्हटलं, इथं पाळणाघर करा, आणि पाजायला एक आडोसा. ठेकेदार बद्रीनाथ हसले. "बाई, हापिसात लेकरं कोण आणतंय?"

मग मी सभेत तुझी गोष्ट सांगितली, नाव न घेता. बाळंतपणानंतर तू कामावर आलीस, छातीवर पदर ओढून दिवसभर टायपिंग करायचीस. दुपारी उद्धवला पाजायला घरी जाऊ द्या म्हणालीस, तर हेडक्लार्क काकासाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "एक काय ते ठरवा. नोकरी, नाय तर लेकरू." खात्याच्या परीक्षेत तू माझ्या वर होतीस, मंजुळा. त्याच संध्याकाळी तू राजीनामा दिलास आणि तुझ्या जागेवर बढती मला मिळाली. सभेत कुणी हसलं नाही. खोली मंजूर झाली. खिडक्या अंगणाकडं उघडतात, ऊन चांगलं येतं. सांभाळायला सरूबाई नावाच्या एक शांत बाई ठेवल्यात.

आता खरं ते लिहिते. तुझी सून रेणुका याच कंपनीत आहे. परवा ती इथं सामान लावायला आली होती. मला म्हणाली, "मावशी, मी सोडतेय. लेकरू परक्याच्या हाती द्यायचं आईंच्या जिवावर येतं." तुझ्याविषयी वाकडा शब्द बोलली नाही. नुसती त्या खोलीच्या दारात लई वेळ उभी राहिली. नातीत तुझा जीव आहे, ते मला कळतं. तेव्हा तूच पोरीला घेऊन ये. पहिले काही दिवस तिथंच बस, सरूबाईंचा हात बघ, पटलं नाही तर मी एक शब्दही बोलणार नाही. राजीनामा अजून तिच्या पर्समध्येच आहे. मी तिला फक्त थांब म्हटलंय. 'कामावर जा' हे तुझ्या तोंडून यायला पाहिजे.

वाट पाहणारी तुझीच,
सारजा