बोटांचे पैसे

१४ फेब्रु. १९३२
दुपारच्या आगबोटीने हे आले. मुंबईत केलेली दुसरी बायको बरोबर नाही, तेवढी लाज शिल्लक आहे. पाय धुण्याआधी दादाला विचारलं, "पैसं कुटं हायत?" दादा म्हणाला, "माज्या ट्रंकेत." माझी चौकशी चहानंतर.
गिरणीत माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, त्याची भरपाई, रु. १३०. काडीमोड मीच मागितली. देतो म्हणतात, पण आधी पैसे. मला त्यातून म्हैस घ्यायची आहे. नाहीतर जन्मभर वहिनीची चूल फुंकायची. वहिनी चांगली आहे, पण चूल तिची.

१७ फेब्रु.
बाबा शाळेचे शिपाई, म्हणून माझ्या चार इयत्ता झाल्या. आता डाव्या हाताने पुन्हा पहिलीपासून. 'क्ष' खेकड्यासारखा येतो.
रविवारी पैशांच्या निवाड्याला गावकी बसणार. जेवण जात नाही.

२१ फेब्रु.
गावकी झाली. आधी हे उभे राहिले. "नांदत माज्या घरी व्हती. मंग पगार काय नि बोटांचं काय, समदं माजंच." लोक माना डोलवू लागले. रीतच तशी, सासरी कमावलं ते सासरचं, माहेरून नेलं ते परत माहेरी.
पंचांतले म्हातारे धोंडूतात्या म्हणाले, "लग्नात हिनं काय आनलं व्हतं?"
हे म्हणाले, "दोन टोपं नि तांब्या. घेऊन जा म्हनावं."
"आन् बोटं? ती तुज्या घरी उगवली काय?"
आई बायकांतून म्हणाली, "धाच्या धा मोजून दिलेली म्या." सगळी गावकी हसली. हेसुद्धा हसले, मग तोंड आवरलं.
निकाल: मी तीन महिने घरी बसले, त्या बुडाल्या पगारापोटी मिळालेले तीस त्यांचे. बोटांचे शंभर माझे.
मग काडी. एक टोक त्यांनी धरलं, एक मी, उरलेल्या बोटांनी. मोडली. मला रडू येईल वाटलं होतं. भूक लागली.

२२ फेब्रु.
महादू. महादू. महादू.
नऊ वर्षांत नाव घेतलं नव्हतं. वहिनीला वाचून दाखवलं, ती पदर तोंडात धरून हसत बसली.

३ मार्च
बोर्लीच्या बाजारात म्हैस घेतली. रु. ७०, दुसऱ्या वेताची, शिंगं वाकडी, स्वभाव माझ्यासारखा. विकणारा रामजी, दिवेआगरचा, बायको वारून दोन वर्षं झालेला. घरापर्यंत स्वतः पोचवायला आला. वाटेत हाताकडे बघून म्हणाला, "दुकतं काय अजून?"
किती मिळाले ते आख्ख्या गावाने विचारलं. हे कुणी विचारलं नव्हतं. "थंडीत दुकतं," म्हटलं. घरी येईपर्यंत उगाच हसू येत होतं.

११ मार्च
रामजीचं माझ्याशी पाट लावायचं, म्हणजे दुसऱ्या लग्नाचं, मागणं आलं. दादा खूश. मी निरोप धाडला, आधी गावकीपुढे सांग म्हणावं, पाट लागल्यावर म्हैस कुणाची.
वहिनी म्हणाली, "आन् न्हाय म्हनला तर?"
"तर म्हैस हाय."
बोलले खरी ऐटीत. पण त्याने व्हय म्हणावं असं वाटतंय. फार वाटतंय.