वरची खोली आजपासून कायदेशीर आहे

मी, या घराची मालकीण, वय सत्तरीच्या अलीकडे पण फारसे अलीकडे नाही, असे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे. वकिलांनी सांगितले म्हणून हे वाक्य लिहिले. खरे सांगायचे तर सकाळपासून मला आणि माझ्या नणंदेला सारखे हसू फुटते आहे, आणि त्या भरात दोनदा दूध उतू गेले. त्यावरून कोणी पुढे म्हणेल की म्हातारी भ्रमिष्ट झाली होती, तर त्याला सांगावे की हसण्याचे कारण रीतसर आहे आणि त्यावर पालिकेचा गोल शिक्का आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. नणंद खुर्चीमागे उभी राहून हे वाचते आहे, पण तो दबाव नव्हे, ती तिची सवय आहे.

कलम पहिले. हे घर मी माझ्या मुलीला देते. ती दूर राहते आणि तिला सगळी घाई असते, म्हणून तिच्यासाठी दोन ओळी जास्त लिहिते. बाळा, गेल्या वर्षी मी मृत्युपत्र करायला निघाले तेव्हा वकिलांनी मला परत पाठवले होते. "घराबरोबर तुम्ही मुलीला पालिकेची नोटीसही द्याल, आणि वरच्या खोलीत कोणाला राहू द्यायचं म्हणाल तर ती खोली कागदावर नाहीच," असे ते म्हणाले. आता घर स्वच्छ आहे. नकाशा, दंडाची पावती आणि भोगवटा प्रमाणपत्र कपाटातल्या निळ्या फायलीत आहेत. यापुढे एक खिडकी जरी हलवायची झाली तरी आधी विचार, मग हातोडा उचल. तुझ्या बाबांनी हे उलट केले. का केले, ते खाली येतेच आहे.

कलम दुसरे. वरच्या खोलीत माझी नणंद जन्मभर राहील. घर कोणाच्याही नावावर झाले, विकले गेले, भाड्याने दिले, तरी तिला तिथून कोणी उठवायचे नाही. या सगळ्या लिखाणात मला खरी काळजी एवढ्याच कलमाची आहे.

ती खोली आमच्या ह्यांनी बांधली. वन्सं सासर कायमचे सोडून येणार, असा निरोप आला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी हे गवंड्याला घेऊन गच्चीवर चढले. मी म्हटले, आधी परवानगी काढा. माझे शिक्षण कॉन्व्हेंटमधले, मला समास आखल्याशिवाय वहीत लिहिणेसुद्धा पाप वाटे. हे म्हणाले, "परवानगी यायला सहा महिने लागतात आणि माझी बहीण रविवारी येतेय." रविवारी वन्सं एक बॅग घेऊन आल्या तेव्हा खोलीला भिंती होत्या, छत नव्हते. हे खाली उभे राहून वर बोट दाखवत होते, जणू राजवाडा बांधला आहे. वन्सं बॅगेवर बसून रडायला लागल्या आणि मग वर आकाशाकडे बघून हसायला लागल्या. ते हसू मी आजपर्यंत सांभाळून ठेवले आहे. खोली बेकायदेशीर होती ती अशा घाईमुळे. ह्यांनी पुढे ती नियमात बसवून घ्यायला हवी होती. पण माणूस बांधून झाले की विसरतो, आणि मग हे गेलेच.

कलम तिसरे, जुन्या वैराबाबत. आमच्या शेजारी घड्याळे दुरुस्त करणारे गृहस्थ राहतात. त्यांना सगळे घड्याळजीच म्हणतात. त्यांच्या कामाच्या टेबलावर ऊन येते म्हणून त्यांनी खिडकीवर पत्र्याचे छप्पर ठोकले, ते दोन घरांमधल्या मोकळ्या जागेत भरपूर पुढे आले. पाऊस पडला की त्यावर डबे बडवल्यासारखा आवाज, आणि पाणी नेमके वन्संच्या वाळत घातलेल्या साड्यांवर. वन्संनी त्यांना तोंडी सांगितले, मग टोमणे मारले, आणि शेवटी पालिकेत लेखी तक्रार केली. मला पत्ता नव्हता. बांधकाम निरीक्षक दारात उभे राहिले तेव्हा मला कळले.

वन्संनी त्यांना मोठ्या अगत्याने थेट वर नेले, कारण पत्रा तिथूनच सगळ्यांत छान दिसतो. खुर्ची दिली, चहा दिला. "या, साहेब, खिडकीशी या. हे बघा किती पुढे आलंय." निरीक्षकांनी पत्रा मापला. चहा संपवला. मग दोन्ही घरांचे मंजूर नकाशे पलंगावर पसरले आणि बराच वेळ बघत राहिले.

"बाई, आपण आत्ता नक्की कुठे उभे आहोत?"

"माझ्या खोलीत."

"नकाशाप्रमाणे आपण गच्चीवर, उघड्यावर उभे आहोत."

वन्संनी छताकडे पाहिले. मीही पाहिले. छत तर होते.

पुढल्या आठवड्यात नोटिसा दोन आल्या, एक घड्याळजींना, एक आम्हाला. आमची जास्त जाड होती.

कलम चौथे. जिन्यातले मोठे लाकडी कपाट मी माझ्या भाच्याला देते, ते कोणत्याही दारासमोर न ठेवण्याच्या अटीवर. भाचा मनाने सोन्यासारखा आहे. नोटीस आल्याचे ऐकून तो आधी एका गृहस्थाला घेऊन आला. ते गृहस्थ म्हणाले, कागदबिगद काही लागत नाही, सगळे मिटवून देतो. मी म्हटले, पावती द्याल का? ते पाणी पिऊन गेले. मग भाच्याने कपाट आणले. त्याचा हिशोब असा की खोलीचे दार दिसले नाही तर खोली नाही. हमालांनी ते दारासमोर चपखल बसवले आणि भाचा समाधानाने कपाळ पुसतोय, तेवढ्यात कपाटाच्या मागून आवाज आला, "अरे मेल्या, मी आत आहे." वन्सं दुपारच्या झोपल्या होत्या. हमाल निघून गेले होते. भाच्याने आणि मी ते कपाट कसे सरकवले ते आमच्या कमरांना अजून आठवते.

त्या संध्याकाळी मी नोटीस वाचायला बसले. आमच्या शाळेतल्या सिस्टर म्हणत, प्रश्न दोनदा वाचा, उत्तर एकदाच लिहा. पहिल्यांदा वाचली तेव्हा फक्त 'पाडण्यात येईल' एवढेच दिसले. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन वाचली, तेव्हा त्यात वेगवेगळ्या चार गोष्टी आहेत असे दिसले. जिन्याचा कठडा बुटका. खोलीची भिंत शेजारच्या हद्दीच्या फार जवळ. खोलीला परवानगी नाही. आणि खालची माझी काचेची गॅलरी, तिलाही नाही. तिच्याबद्दल तर मी विसरूनच गेले होते.

मुदत संपायच्या आत मी लेखी उत्तर दिले आणि वेळ मागून घेतला. मग स्वतः कचेरीत गेले आणि निरीक्षकांना एवढेच विचारले, की यातले दुरुस्त करून काय चालेल आणि पाडावेच काय लागेल. त्यांनी पेन खाली ठेवले. म्हणाले, इथे लोक भांडायला येतात, रडायला येतात, हे कोणी विचारत नाही. मला बसायला खुर्ची दिली. परवानाधारक इंजिनीअरकडून घर आज जसे आहे तसा नकाशा काढून आणा, त्यावर काय करायचे ते दाखवा, दंड भरा, काम करा, मग मी पुन्हा येऊन बघतो, असे त्यांनी सांगितले. इतके सोपे होते. इतकी वर्षे मी दारावर गणवेशातला माणूस दिसला की पडदा ओढून घेत होते.

कलम पाचवे, काचेच्या गॅलरीबाबत. ती मी कोणाला देऊ शकत नाही, कारण ती आता नाही.

इंजिनीअरबाई आल्या, टेप लावून सगळे घर मापले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून आम्हाला समजावले. खोलीची भिंत हद्दीपासून आत घ्यायलाच हवी. आत घेतली की खोली इतकी लहान होते की नियमाप्रमाणे तिथे सामान ठेवता येईल, माणूस नाही. गच्चीच्या बाजूला वाढवावी तर आपल्या जागेवर जेवढे बांधायला मुभा आहे तेवढे बांधून संपले आहे. एका ठिकाणी वाढवायचे तर दुसऱ्या ठिकाणी कमी करायला हवे. एवढे बोलून त्यांची पेन्सिल हळूहळू गॅलरीकडे गेली आणि तिथे थांबली.

ती गॅलरी म्हणजे माझी जागा. पुढच्या ओट्याला काचा लावून घेतलेल्या, त्यात माझी वेताची खुर्ची, दुपारचे पुस्तक, ह्यांच्या आवाजाची वाट बघायची जागा. वन्संनाही तिथे बसायची बंदी होती, आणि त्यावरून आमची भांडणे या घराइतकीच जुनी आहेत.

वन्सं उठल्या. म्हणाल्या, "वहिनी, गॅलरीला हात लावायचा नाही. माझी खोली पाडा. मी काय, जिन्याखालीसुद्धा झोपेन."

मी म्हटले, "वन्सं, जिन्याखाली झोपायलाही परवानगी मिळत नाही. बसा खाली."

त्या बसल्या. इंजिनीअरबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. मी त्यांची पेन्सिल घेतली आणि गॅलरीवर फुली मारली. मला वाटले होते वाईट वाटेल. उलट इतके हलके वाटले की मी दुसरी फुली मारली, आणि वन्सं म्हणाल्या, "अगं पुरे, नकाशा फाटेल."

काचा काढायला कारागीर आले, पण पहिली काच आम्ही दोघींनी उतरवली, पदर खोचून, ह्यांच्या जुन्या पान्याने बोल्ट सैल करून, मोठ्याने गाणी म्हणत. नेमके त्याच दिवशी घड्याळजी शिडीवर चढून आपला पत्रा कापत होते. नोटीस आल्यापासून त्यांनी आमच्याशी बोलणे टाकले होते. बराच वेळ त्यांनी आमचा तमाशा बघितला आणि मग शिडीवरूनच म्हणाले, "बाई, तुमचं झालं की तो पाना जरा इकडे द्या." वैर संपले ते तिथे. तो पाना मी त्यांना मृत्युपत्राने देणार होते, पण ते या कागदावर साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही. म्हणून पाना आजच हातात दिला. गॅलरीचे पडदेही दिले, त्यांच्या टेबलावर आता पुन्हा ऊन येते. आणि गंमत अशी की त्यांचा पत्रा गेल्यापासून सकाळचे ऊन थेट माझ्या ओट्यावर येते. काचांच्या आत बसून मला ते कधी मिळाले नव्हते. वेताच्या खुर्चीशेजारी आता दुसरी खुर्ची आहे.

कलम सहावे. बँकेत जे आहे ते मुलीचे, त्यातून घराची डागडुजी करावी. ह्यांची करवत, हातोडा आणि ओळंबा भाच्याला, कपाटासोबत. माझी पुस्तके इंजिनीअरबाईंना द्यायची होती, पण त्याही साक्षीदार आहेत. मुलीने ती त्यांना आपणहून द्यावी.

आज सकाळी निरीक्षक शेवटची पाहणी करून गेले. कठड्याला हात लावून बघितला, भिंतीपासून हद्द मापली, आणि भिंत आत घेऊन गच्चीकडे वाढवलेल्या वरच्या खोलीत उभे राहिले. वन्संनी विचारले, "साहेब, आत्ता आपण कुठे उभे आहोत?" ते म्हणाले, "तुमच्या खोलीत." मग शिक्का मारलेले प्रमाणपत्र हातात देऊन गेले, आणि तेव्हापासून आम्ही हसतो आहोत.

शेवटचे कलम. वन्संना या कागदावर सही करायची आहे. मी त्यांना समजावले की साक्षीदार झाल्या तर दुसरे कलम त्यांना लागू होणार नाही. त्या म्हणाल्या, मग ते कलम खोड. मी म्हटले, खोडले तर माझी गॅलरी उगाच पडली. त्यावर त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बरं, मग लिही, वहिनीने माझ्या आधी जायचं नाही."

मी सांगितले, असे मृत्युपत्रात लिहिता येत नाही.

"मग अर्ज कुठे करायचा ते सांग. आता आपल्याला जमतं."

हे सर्व मी स्वतः लिहिले, वाचून पाहिले, आणि नणंदेने माझ्या आधी वाचून पाहिले. साक्षीदारांसमोर सही करते.

लिहून ठेवणार: घराची मालकीण (सही)

साक्षीदार:
घड्याळजी, शेजारी (सही)
इंजिनीअरबाई, ज्यांनी नकाशा काढला (सही)

वाचणार: नणंद. सही केलेली नाही. शेजारी उभी आहे.

ठिकाण: मंजूर नकाशात 'निवासी खोली' म्हणून दाखवलेली वरची खोली.
दिनांक: भोगवटा प्रमाणपत्रावर आहे तोच.