जनावरंसुद्धा असलं करत न्हाईत!

२ फेब्रुवारी, रविवार

"जनावरंसुद्धा असलं करत न्हाईत!" – बब्रुवानकाका. चहाचा कप एका हातात, दुसऱ्या हातात मोबाईल. पुण्यातल्या कुठल्याशा मोर्चाची रील. रंगीत झेंडे, हातात हात घेतलेली पोरं. "थू! वंश बुडवणारी अवलाद!"

सगळे हसले. अप्पा हसले. आणि मी – तेर गावचा जनावरांचा डॉक्टर, बत्तीस वर्षांचा घोडा – मीही हसलो!

४ फेब्रुवारी, मंगळवार

गोरोबा धनगर दवाखान्यात मेंढा घेऊन आला. तगडा, चकचकीत. "डाक्टरसाब, ह्यो माद्यांकडं बघतबी न्हाय. दुसऱ्या नरावरच चढतोय. येखादं इंजेक्शन मारा."

नीट तपासला. ताप नाही, जखम नाही, काहीच नाही. म्हटलं, "रोग न्हाय गोरोबादादा. मेंढ्यांच्या कळपात असे काही नर असतातच. जन्मापासून."

"मंग काय उपेग? घालतो बाजारात."

नेला ओढत.

सांगा काका, जनावरं करत नाहीत? आणि वंशाचं म्हणाल तर मधमाश्यांचं पोळं बघा. हजारो कामकरी माश्यांना पिल्लं नसतात, म्हणून पोळं बुडालं का? काही नर असे का असतात, याचं पक्कं उत्तर शास्त्राकडंही नाही. नसू दे! लाखो वर्षांत निसर्गानं जे गाळलं नाही, ते आमचे काका चहा पिता पिता गाळणार!

हे सगळं तोंडावर बोलायला पाहिजे होतं. बोललो? न्हाय.

६ फेब्रुवारी

अप्पांनी परस्पर ठरवलं – रविवारी तेरखेड्याला पोरगी बघायला जायचं. शिवलिंगला फोन करून सांगितलं. कितीतरी वर्षं झाली, तो लातूरहून येतो, मी जातो. गावासाठी तो माझा 'कॉलेजचा मित्र'.

एवढंच म्हणाला, "बघून ये. मग मला फोन करू नको."

९ फेब्रुवारी, रविवार

पोहे. चहा. "विचारा की पोरीला काहीतरी!" मग आम्हा दोघांना गच्चीवर पाठवलं. मोनिका नाव. जवळच्याच वाशीला मेडिकलमध्ये कामाला.

"तुम्ही खाली माझ्याकडं एकदाही बघितलं नाही," ती म्हणाली.

सांगून टाकलं. "मला पुरुष आवडतात. माझ्याशी लग्न केलं तर तुमचं वाटोळं होईल."

वाटलं, रडेल. ती भडकली! "मग आलात कशाला? दर महिन्याला नटायचं, ट्रे धरायचा, कुणीही यावं, वरपासून खालपर्यंत बघून जावं. आणि तुम्ही बापाला घाबरता म्हणून मी आज नटले?"

मी खाली जायला वळलो.

जिन्यात म्हणाली, "नकार मी कळवते. कारण काहीतरी सांगते. पण पुढच्या पोरीच्या दारात जाऊ नका."

आठवडाभर मी काकावर चिडून होतो. ती माझ्यावर चिडली. आणि खरी तीच होती.

१० फेब्रुवारी

नकार आला. मुलाचं वय जास्त वाटतंय म्हणे. काका – "माजल्यात हल्लीच्या पोरी!"

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं. गोठ्यात. अप्पा म्हशीची धार काढत होते, आई वैरण टाकत होती.

"अप्पा, मला बायको नको. मला पुरुष आवडतात. पहिल्यापासून."

धार थांबली नाही. वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं! शांतपणे म्हणाले, "रविवारी ढोकीच्या पाहुण्यांकडं जायचंय. तिथं ह्यातलं काय बोलायचं न्हाय. लगीन झालं की समदं लायनीवर येतंय."

म्हणजे ऐकलं होतं! कळलंही होतं!

"आणि त्या पोरीचं काय?"

"बाईमाणसाचं काय असतंय? लेकरं झाली की रमती."

बादली लाथाडली मी. सगळं दूध शेणात. आयुष्यात पहिल्यांदा बापापुढं ओरडलो. काय ओरडलो, आठवत नाही. आई पेंढी हातात धरून उभी. एक शब्द नाही! अप्पांपेक्षा तिचाच राग जास्त आला.

१५ फेब्रुवारी

अप्पांनी माझा शर्ट इस्त्री करून आणलाय. पळून जाऊ? का म्हणून? माझं गाव आहे हे! उद्या दारातच सांगणार – येत नाही. काय व्हायचं ते होऊ दे.

शिवलिंग फोन उचलत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

गाडी दारात आली. काका पुढच्या सीटवर. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईनं ढोकीला फोन लावला. सगळ्यांसमोर.

"आमी येत न्हाय, ताई. पोरगी लई गुणाची हाय तुमची, तिला चांगलं घर बघा. आमच्या पोराला बाया आवडत न्हाईत. बाप्ये आवडतेत. व्हय. बराबर ऐकलंत."

फोन ठेवला. अप्पा पायरीवर मटकन बसले. काका गाडीतून उतरेचनात.

संध्याकाळपर्यंत सगळ्या तेरला कळेल.

कळू दे.